कावळा शिवेना

महाराज गेले आणि दिवाणांनी दुखवट्यापायी वर्षभर कुस्त्या बंद केल्या. तोवर पोरांची अंगं सुटतील, या घोरानं वस्ताद येसबाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

दहाव्याला नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना. भोवती येसबाचे पैलवान दाटीनं उभे. ऊन चढलं, चुळबुळ वाढली. दिवाणांनी युवराजांना सांभाळीन, देवळं बांधीन, सगळं कबूल केलं. कावळा आपला झाडावरच!

येसबा म्हणाला, "सरकार, महाराजांचा जीव कुस्तीत. तेवढं बोलून बघा की!"

घामाघूम दिवाण ओरडले, "महाराज, कुस्त्या आजपासून सुरू!"

त्याबरोबर पैलवान आरोळी ठोकून आखाड्याकडे पळाले. जागा मोकळी झाली आणि कावळा उतरला.

दिवाणांनी डोळे वटारले. "येसबा, पोरं तूच उभी केली होतीस?"

"होय जी. शब्द फिरवू नका. वर्षश्राद्धाला कावळा पुन्हा येईल, अन् पोरंही."