सवलतीच्या त्रेचाळीस वस्तू

जंगलांच्या इतिहासात बंधुभावाचा असा दिवस पूर्वी कधीच उगवला नव्हता. तसे अकरा उगवले होते, पण त्या वेळी जेवण इतकं चांगलं नव्हतं.

सांबरवन आणि माकडटेकडी ही दोन गरीब जंगलं. मध्ये ओढा, ओढ्यावर टेकडीचा जकातनाका. वनातली साळूबाई साळिंदर कंद उकरायची. टेकडी खडकाळ, तिथे कंद उगवत नाहीत. माकडिणी पलीकडून ओरडायच्या, "साळूताई, आण की गं!" पण नाक्यावर दहातले सहा कंद जकातीत जात. मग वाघाच्या श्रीमंत जंगलाचा दलाल कोल्हा ओढ्याच्या अलीकडेच बसून टोपलीभर कंदांना मूठभर दाणे द्यायचा. यंदा साळूबाईच्या बिळात पाच पिल्लं होती आणि मूठ तेवढीच होती.

म्हणून दोन्ही जंगलांच्या जकातमाफीच्या कराराच्या सभेला ती पहिल्या रांगेत बसली. वानरराज गरजले, "मोठ्या जंगलांच्या तोंडाकडे किती दिवस पाहायचं? आता आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू!" सांबरराजांनी लगेच पाहिलं. टाळ्या झाल्या. त्रेचाळीस वस्तूंना जकात माफ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती टोपली घेऊन नाक्यावर हजर. कारकून माकडाने यादी उघडली.

"नारळ, शिंपले, बर्फ, उंटिणीचं दूध..."

"अहो, आमच्या वनात उंट कुठाय?"

"म्हणूनच पूर्ण माफी, बाई. खरंच येणाऱ्या वस्तूला माफी दिली तर टेकडीचं नुकसान नाही का?"

"आणि आमच्या राजानं यावर सही केली?"

"हसत हसत केली. त्यांनी आमच्या देवमाशाला माफी दिलीय."

"माझ्या कंदांचं काय ते सांगा."

"ते संवेदनशील यादीत. त्यांना माफी नाही."

"कंदांना कसली आलीय संवेदना?"

"कंदांना नाही हो, आमच्या राजेसाहेबांच्या मेव्हण्यांना. टेकडीला कंद पुरवायचा मक्ता त्यांचा."

"पण ते आणतात कुठनं?"

"वाघाच्या जंगलातून. छान धुतलेले असतात."

साळूबाई मागे फिरली. कोल्हा तिथेच बसला होता. "काय मग, झाला का बंधुभाव?" असं विचारत त्याने मूठभर दाणे टाकले. आज मूठ जरा आवळलेली होती. मग त्याने तिच्यासमोरच कंद ओढ्यात बुचकळले, टोपलीवर वाघाच्या पंज्याचा छाप मारला आणि नाक्याकडे निघाला. कारकून उठून उभा राहिला.

वाघाच्या मालाला त्या नाक्यावर जकात नाही. त्यासाठी कधी करारही करावा लागला नव्हता.