डॉन नुन्सियोचे सच्चे साक्षीदार

सोमवारी कोर्ट भरायच्या आत डॉन नुन्सियोला चांगला म्हणणारे तीन साक्षीदार हवे होते. अट एवढीच, की ते खोटं बोलणारे नकोत आणि घाबरलेलेही नकोत.

भाडोत्री साक्षीदारांना त्याच्याकडे तोटा नव्हता. पण नवा न्यायाधीश खमका निघाला. दोघा खोटारड्यांना त्याने थेट कोठडी दाखवली, आणि तिसरा डॉनची स्तुती करताना असा लटलट कापत होता की ज्युरीतल्या माणसांना हसू आवरेना.

मग डॉनने आपल्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या कॉन्चेत्ताला बोलावलं. ती घरोघरी कपडे पोचवायची, त्यामुळे बंदरातलं प्रत्येक माणूस तिच्या ओळखीचं. शिवाय तिचा धाकटा भाऊ ताद्देओ नुकताच टोळीत ओढला गेला होता. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे डॉनला पक्कं ठाऊक होतं.

आपल्या माणसांसमोरच त्याने शब्द दिला. "न खोटं बोलणारे, न घाबरणारे तीन साक्षीदार आणलेस तर भाऊ तुझा. नाहीतर तो माझा. आणि माझ्याकडची पोरं म्हातारी होत नाहीत."

कॉन्चेत्ताला डॉन चांगला ठाऊक होता. हा माणूस वर चढताना तिने पाहिला होता. इटलीहून अमेरिकेच्या या बंदरात उतरला तेव्हा तो मासळीच्या टोपल्या वाहायचा. मग शेजारच्या मासळीवाल्याची गाडी आपोआप पेटली. मग मासळीबाजार त्याचा झाला, मग धक्का, मग पोलीस. त्याच्या सिगारला काडी लावायला नगराध्यक्ष वाकू लागला. चर्चमधला पहिला बाक त्याचा झाला. देव तेवढा खिशात घालायचा राहिला. आता धक्क्यावरचा मुकादम लोरेन्झो याच्या खुनाचा खटला त्याच्यावर होता. खून कोणी केला हे अख्ख्या बंदराला माहीत होतं, पण एकही जीभ हलत नव्हती.

कॉन्चेत्ता दारोदार फिरली. डॉनचं नाव काढलं की दारं लागत. फक्त तीन दारं हसून उघडली.

सोमवारी पहिला उभा राहिला काचा बसवणारा. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, की डॉनसारखा पोशिंदा नाही. त्यांच्या पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या नसत्या तर आपली लेकरं उपाशी मेली असती. फुलवालीने सांगितलं, की त्यांच्या कृपेने गावात अंत्ययात्रांना खंड नाही, आणि पुष्पचक्रंही ते नेहमी मोठीच मागवतात. डॉनच्या वकिलाने डोकं धरलं.

तिसरा शवपेट्या करणारा सुतार. न्यायाधीशाने विचारलं, तुला भीती वाटत नाही का?

"मला मारलं तर माझी पेटी कोण करणार?" सुतार म्हणाला. "आणि गिऱ्हाईक किती सज्जन! बाकीचे लोक माणूस गेल्यावर रडत धावत येतात. डॉन माप आदल्या दिवशीच पाठवतात. लोरेन्झोचंही तसंच. माप आलं तेव्हा तो बिचारा माझ्या दुकानासमोर कॉफी पीत होता."

ज्युरीला मग फार वेळ लागला नाही. जन्मठेप झाली.

बेड्या घालून नेताना डॉन कॉन्चेत्तापुढे थांबला. मागे त्याची माणसं उभी होती, आणि त्यांच्यात ताद्देओही.

"मी चांगलं म्हणणारे आणायला सांगितले होते," डॉन म्हणाला.

"तेच आणले, मालक. एकही खोटं बोलला नाही, एकही घाबरला नाही. सगळं बंदर पालथं घातलं. तुमच्यामुळे ज्यांचं भलं झालं, असे एवढेच निघाले."

डॉनचे खांदे हलायला लागले. तो इतका हसला की बेड्या खुळखुळल्या आणि शिपायांनाही थांबावं लागलं. आयुष्यभर त्याच्या तोंडावर कोणी खरं बोललं नव्हतं.

"शब्द दिला होता," डोळे पुसत तो आपल्या माणसांना म्हणाला. "पोराला सोडा. आणि या बाईच्या वाटेला कोणी जाऊ नका, तुम्हालाही साक्षीला बोलवेल."

कॉन्चेत्ताने ताद्देओची बाही धरली आणि त्याला घरी नेलं.