राणीसाहेबांचं सिंहासन

जुन्या कालव्यातून नावा चालायच्या आणि जनावरंही हौसेनं सहलीला निघायची, त्या काळातली ही गोष्ट. एका निवांत सकाळी शेळी, ससा आणि म्हातारं कासव नावेत बसली. नाव पाणमांजर चालवत होतं आणि टोकावर बसून माहिती सांगायचं काम कावळ्याकडे होतं.

"हा आंबा महाराजांनी स्वतःच्या हातानं लावला," कावळा म्हणाला.

"कुणीतरी कोय फेकली होती. मी इथंच होतो," कासव म्हणालं.

"आजोबा, मजा घालवू नका हो!" ससा वैतागला.

पुढच्या वळणावर कावळा ओरडला, "इथं पाण्याखाली राणीसाहेबांचं सिंहासन आहे! अजूनही त्या येऊन बसतात."

"अरे, तो धुण्याचा दगड! काठावरून घसरला तेव्हा मी चेंगरता चेंगरता वाचलो. नाव डावीकडून घ्या."

"तुम्हाला मेलं कशाचं कौतुकच नाही," शेळी फणकारली. "पाणमांजरदादा, अगदी जवळून घ्या. दर्शन तरी होईल."

नाव जवळ गेली आणि खाडकन दगडावर चढून बसली. ढकलून झालं, ओढून झालं, ती काही हलेना. कावळ्याला एकाएकी घरचं काम आठवलं आणि तो उडून गेला. दुपार झाली. शेळी आणि ससा रडकुंडीला आले.

"आजोबा, आता तुम्हीच काहीतरी सांगा!"

कासव सावकाश पाण्यात उतरलं.

"मी काय सांगणार? राणीसाहेब बसल्यात ना खाली? त्या उठल्या की निघेल नाव."