वाकण्याची जागा

एका डोंगरपायथ्याच्या गावी एक वृद्ध कारागीर सायकली बांधीत असे. दुकानात तयार मिळतात तशा नव्हेत. माथ्यावरून खडकांवर उड्या घेत खाली येणाऱ्या धाडसी लोकांसाठी, एकेक सुटा भाग निवडून, स्वाराच्या अंगाला बेतलेल्या. लोक त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्या हाताखाली भार्गव नावाचा शिष्य दोन वर्षांपासून शिकत होता. यंत्रशास्त्र शिकलेला, कारखान्यातली नोकरी सोडून आलेला, हाताने कसबी आणि मनाने अंमळ मानी.

एके सकाळी मसाल्यांचा एक व्यापारी आपल्या तरुण मुलीला, इरावतीला, घेऊन कार्यशाळेत आला.

"वस्ताद," तो म्हणाला, "हिला डोंगरावरून उड्या मारायचा नाद लागलाय. नको म्हणून सांगून थकलो. आता एकच मागणं आहे. सायकल अशी बांधा की तिचं काही म्हणता काही तुटता कामा नये."

वस्तादांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि सगळे प्रश्न मुलीला विचारले. कोणत्या उतारावर जातेस, किती उंचीवरून उडी घेतेस, हात कुठे भरून येतात. शेवटी म्हणाले, "पडतेस तेव्हा कोणत्या कुशीवर पडतेस?"

इरावतीने आधी वडिलांकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "बहुतेक वेळा उजव्या."

पुढचे आठ-दहा दिवस निवडीत गेले, आणि ते भार्गवला फार सुखाचे वाटले. वस्तादांनी सांगाडा घेतला तो सर्वांत हलका नव्हता. पुढचे धक्के झेलणारे सस्पेन्शन सर्वांत मोठे घेतले नाही, कारण इरावतीच्या वजनाखाली ते नीट दबलेच नसते. टायर मात्र जाड घेतले आणि ब्रेक उत्तमातले उत्तम. भार्गव दर वेळी कारण विचारी, वस्ताद सांगत, आणि ते त्याला पटे.

राहिला बोटभर लांबीचा एक तुकडा. मागच्या चाकापाशी, उजव्या अंगाला, गियर बदलताना साखळी इकडून तिकडे सरकवणारा डिरेलर लोंबत असतो. तो सांगाड्याला थेट जोडत नाहीत. मध्ये हँगर नावाचा छोटा तुकडा असतो. भार्गवच्या मनात आले, मुलगी पडते उजवीकडे, आणि साऱ्या सायकलीतला सर्वांत मऊ तुकडाही नेमका तिथेच. त्याने तीन दिवस खपून पोलादाचा हँगर घडवला, कानशीने घासून आरशासारखा केला, आणि वस्तादांपुढे ठेवला.

त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला. "काम सुरेख झालंय," ते म्हणाले.

भार्गवने तो आनंदाने सायकलीला बसवला. पण सायकल न्यायच्या दिवशी सकाळी वस्तादांनी त्याच्या देखत तो काढला, बाजूला ठेवला, आणि त्या जागी नेहमीचा मऊ ॲल्युमिनियमचा बसवला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. तसाच आणखी एक तुकडा चिंधीत गुंडाळून त्यांनी सीटखालच्या पिशवीत घातला आणि इरावतीला तो बदलायचा कसा, हे दोनदा करून दाखवले.

भार्गवने या वेळी कारण विचारले नाही, पण तो मनातून दुखावला. तुटणार हे ठाऊक असताना कच्चा भाग का निवडावा? शिष्याचे काम सरस ठरले हेच वस्तादांना खपले नसावे, असे त्याने ठरवून टाकले. त्या दिवसापासून तो विचारल्यापुरते बोलू लागला.

पंधरा दिवसांनी व्यापारी परत आला तो तळहातावर मोडका हँगर घेऊनच. मागून इरावती सायकल हातात धरून आली. तिचे कोपर खरचटले होते, चेहरा मात्र प्रसन्न होता.

"काही तुटता कामा नये म्हणालो होतो," व्यापारी म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा भीती होती. "आणि हे बघा."

"बाबा, मी खडकावर आपटले, हा तुटला, मी दुसरा लावला आणि चालवतच खाली आले," इरावती म्हणाली.

भार्गवला राहवले नाही. "माझा पोलादाचा असता तर तुटला नसता, वस्ताद."

"खरं आहे," वस्ताद म्हणाले. "घेऊन ये तो."

त्यांनी भंगारातून एक जुना सांगाडा काढायला लावला. भार्गवने त्यावर पोलादी हँगर आणि एक निकामी डिरेलर घट्ट बसवला. सांगाडा पकडीत आडवा आवळून वस्तादांनी व्यापाऱ्याच्या हाती हातोडा दिला. "शेठ, हा तो खडक समजा. मारा डिरेलरवर."

पहिला घाव संकोचाचा पडला, दुसरा बरा. तिसऱ्या घावाला कडकन आवाज झाला. भार्गव वाकून पाहू लागला. त्याच्या हँगरवर ओरखडासुद्धा नव्हता. तो जिथे बसवला होता, तो सांगाड्याचा मागचा पाय मात्र मुळापासून चिरला होता. त्या चिरेवरून त्याने बोट फिरवले.

वस्ताद शांतपणे म्हणाले, "शेठ, डोंगर आघात करायचा थांबणार नाही, आणि आघात आला की काहीतरी वाकतंच. काय वाकावं, एवढंच आपल्या हाती असतं, आणि तेही आधी ठरवलं तर. आपण निवडलं नाही की आघात निवडतो, आणि तो मोलाचीच वस्तू निवडतो. म्हणून भाग निवडताना मी सगळ्यात आधी हा तुकडा ठरवतो. हा मोडला तर वाटेत बदलता येतो. सांगाडा मोडला तर तुमची लेक डोंगरात अडकून पडते."

व्यापाऱ्याने मोडका तुकडा पुन्हा एकदा निरखला. मग तो इरावतीला म्हणाला, "बदलायला अवघड असतो का गं? मला दाखव बरं." बाप-लेक अंगणात सायकलीपाशी जाऊन बसली. जाताना त्याने तसे आणखी चार तुकडे मागून घेतले.

ती दोघे गेल्यावर भार्गव हत्यारे पुसत उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "वस्ताद, पंधरा दिवस मी तुमच्याशी धड बोललो नाही."

"कळत होतं."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू पोलादासारखा ताठ झाला होतास," वस्ताद म्हणाले. "मीही ताठलो असतो तर चीर आपल्या नात्याला पडली असती. दोघांत कुणीतरी मऊ राहायला हवं होतं."

भार्गवने पुढे येऊन वस्तादांच्या पायांना हात लावला.

आपल्या घरात दर वेळी कोण वाकते, हे ज्याने त्याने एकदा आठवून पाहावे.