ताटकळ माळावरचे तहानलेले

ती बाटली तेवढी पिशवीत ठेवा पाहुणे, मग वर चला. रागावून सांगत नाही. मागं एक शिकलेला जावई असाच आला आणि सासऱ्याच्या दगडावर त्यानं थंडगार बिअर ओतली. म्हणाला, "घ्या मामा, हीसुद्धा धान्याचीच." दगड ओला झाला, उन्हात वाळला. दुसरं काही झालं नाही.

हा समोरचा ताटकळ माळ. खिंडीच्या तोंडाशी एवढे सगळे दगड उभे दिसतात ना, त्यातला एकेक म्हणजे आमच्या गावचं एकेक मेलेलं माणूस. असे दगड पलीकडच्या गावांतही आहेत, पण तिथली माणसं दगड ठेवून पुढं पूर्वजांत गेली. आमची पुष्कळशी इथंच ताटकळत राहिली, असं सांगतात. का, ते ऐकायचं असेल तर टेका जरा. घाई असेल तर मात्र खाली हॉटेल आहे, तिथं जा.

पूर्वी आमच्या गावात नाचणीचं आंबवण होई. दारू म्हणू नका त्याला. ते पिऊन कुणी बायकोवर हात टाकला असं त्या काळी ऐकिवात नव्हतं म्हणे. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळायची, पेज शिजवायची आणि निवली की मडक्यात ओतायची. पण नुसती पेज आंबून वास मारते. तिला बी लागतं, दुधाला विरजण लागतं तसं. मागच्या आंबवणाचा तळाशी उरलेला गाळ, तेच बी. ते मडकं धुवायचं नाही, कोरडं पडू द्यायचं नाही आणि मुख्य म्हणजे उपाशी ठेवायचं नाही. दर बाजाराच्या दिवशी मूठभर नाचणीचं पीठ त्याच्या तोंडी घालायचं. नाही घातलं, तर बी मरतं. साऱ्या गावाचं बी एकाच घरात असे, आणि सासूकडून सुनेकडं येत येत ते झिपरीकडं आलं होतं.

माणूस गेलं की माळावर दगड उभा करायचा आणि त्याच्यावर आंबवणाचा द्रोण रिता करायचा. ते पिऊन मेलेलं माणूस खिंड चढतं. कोरड्या घशानं त्याला ती चढवत नाही. आणि ज्या गावच्या शिवेत जीव गेला, त्याच गावचं आंबवण त्याला चालतं, परक्या गावचं नाही. आमचे मेलेलेसुद्धा हट्टी, काय करणार?

झिपरीचा नवरा मध काढताना कड्यावरून पडला होता. मागं एकच लेक, भागी. त्याच्या दगडावर झिपरीनं स्वतःच्या हातानं द्रोण ओतला होता आणि तो नीट पोचला याचं तिला मोठं समाधान होतं. पोरीला सांगायची, "तुझा बा वर बसलाय. आपणही जायचंय एक दिवस."

मग पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच गेलं. लोक कडू कंद उकडून उकडून खाऊ लागले. पण आमच्या माणसांचा वेडेपणा बघा, कंद खाऊनसुद्धा दर घरातून चिमूटचिमूट नाचणी मडक्यासाठी निघायची. कारण घरोघरी कुणी ना कुणी शेवटच्या वाटेला लागलेलं होतं, आणि मेल्यावर निदान तहानेलं राहू नये एवढीच आशा उरली होती. भगत रावजी ती नाचणी गोळा करून झिपरीच्या दारी आणून द्यायचा.

एकदा त्याची नजर भागीवर गेली. पोरीचे नुसते डोळे उरले होते.

"झिपरे," तो म्हणाला, "हे पोरीचं नाही हं. मेलेल्यांचं आहे."

"कळतंय मला, बाबा."

कळत होतं, म्हणून तर तिनं बरेच दिवस निभावलं. पोर बघत असायची आणि ही मडक्याला भरवत असायची. तिच्या जिवाचं काय होत असेल, ते आईलाच ठाऊक. आणि मग एके सकाळी, पीठ मडक्याच्या तोंडाशी नेलेला तिचा हात मागं आला. तिनं चूल पेटवली.

भागीनं पेज प्यायली, वाटी चाटली आणि विचारलं, "आये, उद्या पण?"

उद्या पण, परवा पण. आलेली सगळी नाचणी झिपरीनं पोरीला घातली. तिकडं मडक्यातला बुडबुड्यांचा आवाज बारीक होत गेला आणि बंद पडला. वर पांढरी बुरशी धरली, घाण सुटली. झिपरीनं त्याच्यावर झाकण ठेवलं ते ठेवलंच.

एवढं करून पोर जगली असती तरी एक होतं. पण फार दिवसांच्या उपाशी पोटाला ते अन्न सोसलं नाही. हगवण लागून भागी गेली.

गावानं दगड उभा केला. झिपरी द्रोण घेऊन आली आणि तिनं तो दगडावर ओतला. रावजीनं वाकून ओल्या दगडावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"पोरीला काय पाजलंस?"

"पाणी, बाबा."

कुणी तिला मारलं नाही की शिव्या घातल्या नाहीत. माणसं नुसती आपापल्या घरी निघून गेली, कारण प्रत्येकाच्या घरात कुणीतरी पडून होतं.

पुढं पाऊस झाला, नाचणी पिकली. लोकांनी पलीकडच्या गावांतून बी मागून आणलं. तिकडं ते छान बुडबुडायचं म्हणे, पण आमच्या मडक्यात पडलं की गप्प. पुन्हा पुन्हा आणून पाहिलं. झिपरी जगली पुष्कळ. दरवर्षी ती पेज घालायची आणि मडक्याला कान लावून बसायची. आतून काहीही ऐकू आलं नाही. ती गेली तेव्हा भागीच्या शेजारी तिचा दगड उभा राहिला आणि त्याच्यावरही पाणीच पडलं. बाप वर एकटा, मायलेकी इथं खाली.

आजही आमच्याकडं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की त्याला डोलीत घालून खिंडीपलीकडं लेकीच्या गावी नेतात, मरायला. तिथं आंबवण आहे. माझ्या बायकोला असंच नेत होतो. शीव अगदी समोर दिसत होती. ती म्हणाली, "टेकवा जरा, घसा सुकलाय." डोली खाली ठेवली आणि मी झऱ्याकडं धावलो. ओंजळ भरून आणली, तोवर ती गेली होती.

तिथंच दगड लावला तिचा. तुम्ही टेकलात ना, तो.

नका उठू, असू द्या. तेवढीच तिला कुणाची सोबत.