माती मुरायचे दिवस

जत्रा एवढी तोंडावर आलेली, आणि नांदरवाडीच्या तालमीत एकही पहिलवान जोर काढताना दिसत नाही, उलट आखाड्याच्या कडेला आम्ही बायका ठाण मांडून बसलोय, हे कसं काय, असं तुमच्या मनात आलं असेल ना?

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा ओढ्याच्या पाण्यावरून आमचं आणि पलीकडच्या गावाचं भांडण होतं. शेवटी असं ठरलं म्हणे, की जत्रेच्या दिवशी ज्या गावचा गडी ओढ्यातला गोल काळा दगड खांद्यावर घेऊन बांधावर ठेवील, त्या गावाला उन्हाळभर पाण्याची पहिली पाळी. आमच्याकडून सुबाना उभा राहिला.

सुबानानं कसर ठेवली नाही. पहाटे जोर, दुपारी बैठका, संध्याकाळी तसलाच दगड उचलायचा सराव. आधी तो दगड छातीपर्यंत यायचा. पुढं पोटापर्यंत, मग गुडघ्यापर्यंतच येऊ लागला. सुबाना घाबरला आणि त्यानं जोर वाढवले. तालमीच्या वस्तादांनी दूध-बदाम वाढवले. दगड आणखी खाली राहिला.

त्याची थोरली बहीण बायाक्का आखाड्याची माती तयार करायची. एके सकाळी तिनं मातीत ताक, हळद, तेल घालून ती भिजवली आणि कडेला बसून राहिली. सुबाना लंगोट कसून आला.

"अक्का, सर बाजूला."

"माती मुरतीय."

"जत्रा तोंडावर आलीय!"

"म्हणून तर. रोज तुडवून तुडवून ही फरशीसारखी टणक झाली होती. तुझ्या अंगाचंही तेच झालंय. आळस कर म्हणत नाही मी. एवढी मेहनत केलीस, ती अंगात मुरू दे. जत्रेपर्यंत इथं पाऊल टाकायचं असेल, तर माझ्या अंगावरून जा."

सुबानानं वस्तादांकडं पाहिलं. वस्तादांनी त्याच्या थरथरत्या मांडीवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "घरी जा, पोरा. जेव आणि झोप."

सुबाना तेल लावून घ्यायचा, जेवायचा, झोपायचा. पलीकडच्या गावची माणसं ओढ्यापलीकडून ओरडायची, "काय वो, तुमचा पहिलवान उठला का? का पाळण्याला दोरी लावू?" आमच्या लोकांच्या माना खाली जायच्या. बायाक्का मात्र हलली नाही. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तिनं माती हातात घेतली, तर ती लोण्यासारखी मऊ झाली होती, असं सांगतात.

आजही वर्षभर आमची पोरं घाम गाळतात. त्यांच्या तोडीची मेहनत या खोऱ्यात कुणी करत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण जत्रेआधी माती भिजली, की आम्ही बायका कडेला येऊन बसतो, आणि भला मोठा पहिलवानही आम्हाला ओलांडून आत जात नाही.

आणि सुबाना? जत्रेच्या दिवशी सकाळी त्यानं ओढ्यातला तो काळा दगड खांद्यावर घेतला, ओढ्यातून वर चढून आला आणि बांधावर ठेवला.