घारीचं पिल्लू आणि वाळकं पान

माणसांनी उन्हाळी शिकवण्या काढल्या, त्याच्याही आधीची गोष्ट. पावसाआधी उडता आलं नाही तर पिल्लू उपाशी मरेल, या धास्तीने एक घार त्याला घरट्यात बसवून वाऱ्याचे प्रकार घोकायला लावी. पिल्लाला सगळं तोंडपाठ होतं. उडता तेवढं येत नव्हतं.

एका दुपारी घरट्यातलं वाळकं पान उडालं.

“आई, पकडून आणू?”

“आधी पश्चिमेचे वारे म्हणून दाखव.”

पिल्लाने उडी घेतलीसुद्धा. पान वावटळीत शिरलं, मागोमाग तेही शिरलं, आणि पंख न हलवता गिरक्या घेत ढगांपर्यंत चढलं. इतक्या उंच घार स्वतः कधी गेली नव्हती.

शेजारच्या कावळ्याने विचारलं, “वहिनी, गुरू कोण हो याचा?”

घार मान वर करून बघतच राहिली. मग म्हणाली, “हळू बोला भावजी, त्याचा खेळ मोडेल.”